हाली आणि कलदार : वऱ्हाडच्या सीमेवरील दोन रुपयांचा विनिमय

विनिमयदर म्हटला की डॉलर, पौंड, येन ही नावे पुढे येतात आणि हा बँकांचा, आयात-निर्यातदारांचा, फार तर मुंबईच्या शेअरबाजाराचा विषय आहे, खेड्यापाड्यांशी त्याला काही कर्तव्य नाही, अशी समजूत सहज होऊन बसते. बीबी, सुलतानपूर, लोणार, दुसरबीड, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या पट्ट्यापुरती तरी ती समजूत खरी नाही. मेहकरहून निघालेला रस्ता बीबीवरून सिंदखेडराजाला जातो आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर आज जालना जिल्हा लागतो. १९४८ पर्यंत मात्र तेथे निजामाचे राज्य लागत असे, आणि राज्याबरोबर रुपयाही बदलत असे. अलीकडच्या इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. पलीकडच्या निजामी रुपयाला ‘हाली’ म्हणत, म्हणजे चालू, सध्याच्या चलनातला. दोघांचेही सोळा आणे, आण्याच्या बारा पै, दोन्ही रुपये चांदीचे. किंमत तेवढी निराळी. एक देऊन दुसरा घेताना जी तूट सोसावी लागे तिला बट्टा म्हणत, आणि हा बट्टा सीमेवरच्या दोन-तीन पिढ्यांच्या बाजारहाटाचा, सोयरिकीचा आणि सावकारीचा भाग होऊन गेला होता.

प्रस्तुत व्याख्यानाचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, या दोन रुपयांमधील सरकारी दर बऱ्याच अंशी प्रामाणिक होता आणि हैदराबादच्या अर्थखात्याने तो सांभाळलाही चांगला. परंतु दोन चलने शेजारी शेजारी चालण्याचा खर्च त्या दराच्या आकड्यात कधीच दिसत नाही, तो चिल्लरीत दिसतो, आणि तो ज्यांच्याजवळ केवळ चिल्लरच असते त्यांनी भरलेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात आणि मराठवाड्यात एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते. नागपूरकर भोसल्यांचा नागपुरी रुपया, औरंगाबाद आणि एलिचपूरकडील निजामी रुपये, पुण्याकडून येणारे पेशवाई रुपये अशी नाणी एकाच बाजारात फिरत, आणि त्यांची किंमत त्यांच्यावरील ठशाने ठरत नसे. ती ठरे वजनाने आणि कसाने. कस म्हणजे नाण्यातील शुद्ध चांदीचे प्रमाण. सराफ नाणे वाजवून, घासून, तोलून पाहत असे, त्याची झीज वजा करीत असे आणि मग आपला बट्टा सांगत असे. विनिमयदर ठरविणारी संस्था अशा रीतीने प्रत्येक कसब्यात सराफाच्या गादीवर बसलेली होती. टांकसाळ हेही तेव्हा संपूर्ण सरकारी खाते नव्हते. १८२५ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस प्रथमच थेट मुंबईला नेणाऱ्या विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने निजाम सरकारला मोठाली कर्जे दिली, त्या बदल्यात वऱ्हाडातील महालांचा वसूल आपल्याकडे लावून घेतला, आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून पाडलेला एक रुपया तर ‘पेस्तनशाही’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. धनको, वसूलदार आणि नाणे पाडणारा हे तिघेही एकच झाल्यावर रयतेच्या हातात पडणाऱ्या रुपयाची पारख कोणी करायची, हा प्रश्न त्या काळच्या कारभाराबद्दल पुरेसे सांगून जातो.

या गोंधळाला दोन बाजूंनी आळा बसला. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखात एकच रुपया ठरविला, त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हाच पुढचा कलदार. हैदराबादेत १८५३ मध्ये दिवाणपदी आलेल्या पहिल्या सालारजंग यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील टांकसाळी बंद करीत नाणेपाडणी राजधानीत आणली, आणि १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बादशहाचे नाव गाळून निजामाच्या नावाने पडू लागलेला रुपया ‘हाली सिक्का’ म्हणून स्थिरावला. त्याचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि कस हजारी ८१८, म्हणजे हजार भाग धातूत ८१८ भाग चांदी. आता साधा हिशेब केला तर कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते आणि हालीत सुमारे ९.१४ ग्रॅम, म्हणजे शंभर कलदारांइतकी चांदी मिळवायला जवळजवळ ११७ हाली लागतात. पुढे सरकारी दर म्हणून जो आकडा रूढ झाला तो शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजेच सहा कलदारांना सात हाली. दर हा हुकमाने ठरतो असे मानणाऱ्यांनी हा मेळ ध्यानात घ्यावा: हुकूम काढणाऱ्यांनी तो आकडा मनाने काढलेला नव्हता, तो मुळात नाण्याच्या पोटात होता.

ज्या वर्षी सालारजंग दिवाण झाले त्याच वर्षी, त्यांच्या नेमणुकीच्या अवघे काही दिवस आधी, वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. १८०३ मध्ये आडगावच्या लढाईनंतर भोसल्यांकडून निजामाकडे आलेला हा मुलूख मे १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी आणि तुंबलेल्या कर्जापोटी कंपनीच्या हवाली करण्यात आला. डिसेंबर १८६० च्या सुधारित तहात विनिमयदराच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे दोन आकडे आहेत. निजामाकडून येणे असलेले सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ केल्याचे त्यात म्हटले आहे, आणि ते लाख आहेत हैदराबादी रुपयांचे. त्याच तहात वऱ्हाडातील जिल्ह्यांनी वर्षाला ३२ लाखांचा ढोबळ वसूल द्यावा असे ठरले आहे, आणि हे लाख आहेत इंग्रज सरकारच्या चलनाचे. सोडून द्यायची रक्कम हलक्या रुपयात आणि घ्यायची रक्कम भारी रुपयात! सात-सहाच्या प्रमाणाने पाहिले तर माफ केलेले ५० लाख म्हणजे कलदारात ४३ लाखांहूनही थोडे कमीच. यात लबाडी होती असे ठामपणे म्हणता येणार नाही, कारण कर्ज मुळात ज्या चलनात झाले त्याच चलनात नोंदले जाणे स्वाभाविक होते. परंतु एका राज्याचा हिशेब दोन चलनांत मांडला गेला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर कोणता आकडा मोठा दिसतो, हे तह लिहिणाऱ्यांना कळत नसेल असेही मानता येत नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले तेव्हा वार्षिक खंड ठरला २५ लाख कलदार. हैदराबादच्या वहीत तीच रक्कम सात-सहाच्या दराने २९ लाख १६ हजार ६६६ रुपये १० आणे ८ पै अशी भरते, आणि अशी आणे-पैची शेपटी रूपांतराला कशी चिकटून येते हे पुढे येईल.

वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यामुळे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण कडेला एक नवीच स्थिती निर्माण झाली. मुलूख कागदोपत्री निजामाचाच राहिला, परंतु सारा कलदारात भरावा लागू लागला. माणसांची नाती, देवस्थाने, बाजार आणि गुरांचे रस्ते मात्र जालना, मंठा, जिंतूर या बाजूला पूर्वीसारखेच राहिले. त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला आणि त्याबरोबर मुंबईकडून कलदार रुपयांचा लोंढा आत आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खामगावची शाखा सुरू झाली, तेव्हा खामगाव ही या संपूर्ण भागाची कापसाची पेठ ठरली. निजामी हद्दीतील कापसालाही मनमाडकडून जालना-परभणीमार्गे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास मिळेपर्यंत जवळचे रूळ वऱ्हाडातच होते. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मालाची किंमत अशा रीतीने कलदारात ठरत असे, त्याचा सारा मात्र हालीत भरायचा असे. मधली उडी सराफाच्या किंवा अडत्याच्या हातून मारावी लागे.

अशा बाजारात दर वर्षभर एकसारखा राहणे अवघडच असते. दिवाळीनंतर कापूस बाजारात आला की खरेदीदार कलदार घेऊन येत, त्यामुळे कलदाराचा पुरवठा वाढे. निजामी हद्दीत साऱ्याचा हप्ता जवळ आला की हालीची ओढ वाढे. पेरणीपूर्वी बियाणे-बैलांची खरेदी सुरू झाली की दोन्हींची तंगी. टांकसाळीतून बाहेर पडतानाचा कस आणि हंगामातील ओढाताण यांच्यामधून त्या दिवसाचा बट्टा निघत असे. त्याशिवाय निजामी सीमेवर करोडगिरीचे नाके होते. करोडगिरी म्हणजे आयात-निर्यातीवरील जकात, आणि ती साधारण शेकडा पाच असे. सीमा ओलांडणारा माल अशा रीतीने दोनदा झिजत असे, एकदा नाक्यावर आणि एकदा सराफाच्या गादीवर.

१८९३ साल या कहाणीत सर्वांत महत्त्वाचे. तोपर्यंत इंग्रजी मुलखात कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे, त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातील चांदीची किंमत यांत फारसे अंतर पडत नसे. १८७० नंतर जर्मनीने आणि मागोमाग युरोपातील इतर देशांनी सोन्याचे चलन स्वीकारल्यामुळे चांदी जगभर स्वस्त होत गेली आणि पूर्वी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया सव्वा शिलिंगाच्याही खाली उतरला. लंडनला पौंडात पैसे पाठवावे लागणाऱ्या हिंदुस्थान सरकारला ही घसरण झेपेना, म्हणून हर्शेल समितीच्या शिफारशीवरून जून १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपयांची आवक आवळल्यामुळे कलदाराची किंमत त्यातील चांदीपासून सुटली आणि १८९८-९९ पर्यंत ती १ शिलिंग ४ पेन्सवर आणून बसविण्यात आली. हालीला हे संरक्षण आपोआप मिळणे शक्य नव्हते. तो चांदीला बांधलेला होता आणि चांदी पडत होती. सीमेवरच्या माणसाला लंडनचा चांदीबाजार ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु त्याच्या कनवटीला असलेल्या हालीच्या बदल्यात काल मिळत होते तेवढे कलदार आज मिळत नाहीत, एवढे त्याला सराफाने सांगितले की पुरे होते. एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया शेजारच्या सरकारच्या एका निर्णयाने हलका व्हावा, ही गोष्ट कस पारखणाऱ्या पिढीला नवीनच असली पाहिजे.

हैदराबादने त्यावर जे केले ते कौतुकास पात्र आहे. निजामी राज्य म्हणजे ऐषआराम आणि अनागोंदी असे चित्र आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की, त्या राज्याचे चलनखाते नेमस्त आणि सावध होते हे सांगितले तर ऐकणाऱ्याला ते पटत नाही. १९०४ च्या सुमारास हाताने ठोकलेल्या जुन्या नाण्यांच्या जागी यंत्रावर पाडलेला, काठाला कंगोरे असलेला नवा रुपया आला. त्याच्या एका बाजूला चारमिनार, आणि त्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे आद्याक्षर, महबूब अली खान यांच्या वेळी ‘मीम’ आणि १९११ नंतर उस्मान अली खान यांच्या वेळी ‘ऐन’. दुसऱ्या बाजूच्या मजकुराच्या वर ९२ हा आकडा, जो अक्षरांना संख्या देण्याच्या अरबी पद्धतीने ‘मुहंमद’ या नावाची बेरीज आहे. यापुढे हालीचा पुरवठा सरकारच्या हाती आला, दराला आधार म्हणून कलदार रोखे आणि रोकड राखीव ठेवली जाऊ लागली, आणि ११६-१०-८ हा आकडा सरकारी दर म्हणून पक्का झाला. नव्या चलनाला पुढे कागदोपत्री उस्मानिया सिक्का हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी हालीच राहिले.

पहिल्या महायुद्धात चांदी उलट महागली, इतकी की रुपया आटवून विकणे परवडू लागेल अशी धास्ती दोन्ही सरकारांना पडली. त्या अडचणीतून १९१८ मध्ये हैदराबादला स्वतःच्या नोटा काढण्याची परवानगी मिळाली आणि हिंदी संस्थानांत ती एकट्या हैदराबादलाच मिळाली. प्रथम दहा आणि शंभर रुपयांच्या, पाठोपाठ एक आणि पाच रुपयांच्या नोटा निघाल्या, आणि त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडी अक्षरांतही किंमत छापलेली असे. मराठीत किंमत छापलेली रुपयाची नोट अशा रीतीने निजामी मराठवाड्यात चालू लागली, आणि ती इंग्रजी वऱ्हाडातील रुपयाच्या सात भागांपैकी सहा भागच भरत होती.

आता वर उल्लेखलेल्या शेपटीकडे वळावे. सहाला सात हे प्रमाण तोंडी सांगायला सोपे; परंतु त्याचा हिशेब एका दिशेने सरळ उतरतो आणि दुसऱ्या दिशेने उतरत नाही. एका कलदाराचे हाली करायचे तर १ रुपया २ आणे ८ पै येतात, अगदी पुरे. सहा आणे कलदार म्हणजे सात आणे हाली, तेही पुरे. उलट एका हालीचे कलदार करायचे तर १३ आणे ८ पै आणि वर पैचे चार सप्तमांश येतात, आणि पैच्या खाली नाणेच नाही. व्यवहारात तर पैही क्वचित हाती येई, मोड पैशात होई, आणि पैसा म्हणजे तीन पै. त्यामुळे एक हाली रुपया घेऊन आलेल्याला १३ आणे २ पैसे दिले तर त्याचे नुकसान रुपयाला एक पैसा, म्हणजे चौसष्टावा भाग. चार रुपये असतील तर बेरजेत काही अंश जुळून येत आणि तूट घटे. शंभर हाली आणले तर ८५ रुपये ११ आणे ५ पै होत आणि मागे राहिलेला पैचा एक सप्तमांश कोणाच्याच लेखी नसे. परंतु एक हाली आणा घेऊन आलेल्या माणसाचे काय? त्याच्या आण्याची खरी किंमत १० पै आणि दोन सप्तमांश. त्याला तीन कलदार पैसे, म्हणजे नऊ पै मिळाल्या तर त्याच्या मालकीचा बरोबर आठवा भाग मोडीत गेला. यात सराफाने एका दमडीचीही फसवणूक केलेली नाही, सरकारी दर काटेकोर पाळला आहे, तरीही शंभर रुपयेवाल्याला जो बट्टा दिसतही नाही तोच एका आण्याच्या धन्याला साडेबारा टक्के पडला आहे. वर सराफाचा बट्टा निराळाच.

यावर सीमेवरच्या लोकांचे उपाय उघड होते. शक्य तेथे व्यवहार पुऱ्या प्रमाणात बसवायचा, नाही तर पैशाऐवजी धान्य, सरकी, मीठ असा माल घ्यायचा, किंवा चिल्लर साचवून ठेवायची आणि एकदम मोडायची. साचवून ठेवणे ज्याला परवडते त्याच्यासाठी हा उपाय ठीक; रोजच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्याला तो उपयोगाचा नाही. दोन चलनांच्या शेजाराचा बोजा कोणावर पडतो याचा याहून स्वच्छ पुरावा सरकारी अहवालांत सापडणार नाही, कारण अहवाल लाखांत लिहिले जातात.

विनिमयदर हा देशादेशांत जितका, तितकाच एकाच देशातील वर्गावर्गांत लाभ-हानी वाटणारा असतो, हा विचार त्याच काळात एका मराठी अर्थशास्त्रज्ञाने फार ताकदीने मांडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला आणि पुढे हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा असावा की १ शिलिंग ६ पेन्सचा, या तेव्हाच्या गाजलेल्या वादात व्यापारी आणि गिरणीमालक स्वस्त रुपयाच्या बाजूने उभे होते. स्वस्त रुपयाने देशातील किमती चढतात, मजुरी मागे राहते आणि मालकाला जो फायदा दिसतो तो मजुराच्या खिशातून आलेला असतो, असे आंबेडकरांचे म्हणणे होते. १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सचा दर पक्का झाला. पौंडाला १५ ऐवजी १३ रुपये ५ आणे ४ पै मिळू लागल्यामुळे, लिव्हरपूलच्या बाजारातील कापसाचा भाव तोच धरला तर, कापूस विकणाऱ्याच्या हाती नववा भाग कमी पडला. वऱ्हाडच्या कास्तकाराचे ते नुकसान खरेच होते, आणि येथे कास्तकार व मजूर यांचे हित एका रेषेत नव्हते हे मान्य केल्याखेरीज तो वाद समजत नाही.

या वादाचे हैदराबादी अंग सहसा कोणी पाहत नाही. हाली कलदाराला सात-सहाने जखडलेला असल्यामुळे दिल्लीने पौंडाचा दर बदलला की हैदराबादचा आपोआप बदलत असे. पौंडाला साडेसतरा हाली पडत होते तेथे सुमारे साडेपंधरा पडू लागले, आणि जालना-परभणीच्या कापसाला तोच नवव्या भागाचा फटका बसला. त्या निर्णयात निजामाच्या अर्थखात्याला मत नव्हते. स्वतःची टांकसाळ, स्वतःची नोट, स्वतःचा चारमिनार, हे सार्वभौमत्वाचे दागिने होते. चलनाचे धोरण परस्वाधीनच होते. गोव्याने याच्या उलट मार्ग काही काळ चोखाळला होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचा रुपया कलदाराच्याच वजनाचा आणि कसाचा, खुद्द कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडला जाऊ लागला, त्यामुळे सावंतवाडीकडून गोव्यात जाणाऱ्याला बट्ट्याची धास्ती राहिली नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पोर्तुगालने रुपयाला सहा या हिशेबाने एस्कुदो आणला, आणि हिंदुस्थानशी संबंध तुटल्याची जाहिरातच जणू नाण्यावर केली.

दुसऱ्या महायुद्धात हाली-कलदाराच्या नात्यात एक विलक्षण उलटापालट झाली. १९४० मध्ये इंग्रज सरकारने कलदारातील चांदी निम्म्यावर आणली, म्हणजे नव्या कलदारात ६ ग्रॅमहूनही कमी चांदी राहिली, तर जुन्या हालीत ९ ग्रॅमहून अधिक होती. धातूने भारी नाणे बाजारभावाने हलके आणि धातूने हलके नाणे बाजारभावाने भारी, अशी ही अवस्था. हलके नाणे भारी नाण्याला बाजारातून हुसकून लावते हा अर्थशास्त्रातील प्रसिद्ध नियम ग्रेशॅमच्या नावाने सांगितला जातो, आणि गावोगावच्या घरांत गाडग्यात, उतरंडीत, बायकांच्या पुतळ्यांच्या माळांशेजारी जुने रुपये का दडून राहिले याचे उत्तर त्यात आहे. हैदराबादनेही लवकरच आपल्या रुपयाची चांदी निम्म्यावर आणली. सात-सहाचा दर मात्र हलला नाही. मुळात नाण्याच्या पोटातून निघालेला आकडा आता नाणे बदलले तरी टिकून राहिला होता, कारण तो आता सरकारी भरवशावर उभा होता, आणि १९४२ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे या चलनाची व्यवस्था सोपविण्यात आली होती.

तो भरवसा राजकारणाने डळमळला. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार केल्यावर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन हैदराबाद राज्यात कायदेशीर चलन राहणार नाही असे जाहीर केले आणि त्याच सुमारास २० कोटींचे भारत सरकारचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ देऊ केले. भारत सरकारच्या तक्रारीत या दोन्ही गोष्टी अग्रभागी होत्या. शंभर वर्षे ज्या सीमेवर दोन रुपये बट्टा देऊन-घेऊन का होईना पण एकमेकांना ओळखत होते, तेथे एकाने दुसऱ्याची ओळख नाकारली. वऱ्हाडकडील बाजारात विकलेल्या मालाचे कलदार निजामी हद्दीत नेणे आता गुन्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट झाली, आणि निजामाच्या पाठीराख्या रझाकार दलाच्या भीतीने घरदार सोडून इकडे आलेल्यांच्या गाठोड्यातील हाली नोटांना किती भाव द्यायचा, हे घेणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. सरकारी दर कागदावर असून चालत नाही, तो पाळणारी दोन सरकारे लागतात. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारच्या पोलीस कारवाईने हैदराबादचा प्रश्न सुटला. पुढच्याच वर्षी भारत-पाकिस्तान सीमेवर हाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला. पौंडाबरोबर भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये हा दर भारताने मानण्यास नकार दिला, आणि बंगालमधील तागाचा व्यापार ठप्प झाला.

हालीचा शेवट मात्र शांतपणे झाला. १९५० पासून मराठवाड्यात भारतीय रुपया रीतसर चालू झाला, हाली त्याच्याबरोबर जुन्याच दराने काही वर्षे चालत राहिला, आणि १९५९ मध्ये तो रद्द ठरला. तोपर्यंत वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात एकत्र आले होते, आणि १९५७ च्या एप्रिलपासून दशमान नवे पैसे सुरू झाल्यामुळे आणे-पैचा हिशेबही मावळतीला लागला होता. बदलून देण्याच्या व्यवहारात सात-सहाचा मान राखला गेला ही गोष्ट लहान नाही. चलन रद्द करताना लोकांच्या हातातील कागदाची किंमत बुडविल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत.

या इतिहासाची साधने अजून सरकारी दप्तरांपेक्षा घराघरांत अधिक आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि जालना, परभणी, हिंगोली जिल्ह्यांच्या लगतच्या गावांत जुनी खरेदीखते, गहाणखते, खतावण्या आणि लग्नाच्या देण्याघेण्याच्या याद्या आहेत. त्यांत रकमेपुढे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ हा शब्द लिहिलेला असतो, आणि क्वचित तो गाळलेलाही असतो. शंभर रुपयांच्या कर्जखतात तो शब्द गाळला गेला तर फेडीच्या वेळी चौदा रुपयांहून अधिक रकमेचा वाद उभा राहू शकत होता, तेव्हा तो कोणी लिहिला आणि कोणी गाळला यालाही अर्थ आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते मोडी लिपीत आहेत, वाचता येत नाहीत, म्हणून रद्दीत घालू नयेत. त्यांची छायाचित्रे काढून गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्यावीत, आणि रक्कम उतरवून घेताना तिच्यापुढचा तो एक शब्द सोडू नये.